बाहुलीच्या कमरेचा प्रोग्राम

या मंडळी, असे जवळ सरका. देवाने एका भल्या जावयाची कशी फजिती केली, ते सांगतो.

सासरे शिंपी. जन्मभर कात्री चालवून बोटं सुजलेली. जावई प्रोग्रामर. दुकानात कापायचं मशीन आलं तसा तो छाती काढून म्हणाला, "मामा, आता कात्री खुंटीला टांगा! गिऱ्हाईक मोबाईलवर मापं पाठवेल, माझा प्रोग्राम ती मशीनला देईल. तुम्ही नुसता चहा प्या!"

मेसेजमधली मापं म्हणजे संगणकाच्या लेखी नुसती अक्षरं. त्यांचे आकडे करायचे आणि रांगेत उभे करायचे, एवढंच काम! जावयाने मधले स्वल्पविराम पुसले आणि उरलेल्या एकेका अक्षराचा एकेक आकडा केला. चाचणी कुणावर? लेकीच्या बाहुल्यांवर! कंबर तीन इंच, चार इंच, पाच इंच. बरोब्बर कापलं! लेकीने टाळ्या पिटल्या. माणूस देवाजवळ आणखी काय मागतो?

मग एका हॉटेलाच्या वेटरांच्या विजारी आल्या. संध्याकाळी हव्यात! चौतीस, छत्तीस, अडतीस... जावयाने मापं घातली, सासऱ्यांच्या हाती कप दिला. मशीन घरघरत राहिलं. चहा संपवून सासऱ्यांनी एक कमरपट्टी उचलली.

"जावईबापू, या हॉटेलात वेटर आहेत की उंदीर?"

"मामा, मापं त्यांनीच पाठवलीत!"

"मग ही माझ्या मनगटालाही का पुरेना?"

जावयाच्या बायकोने संगणकाच्या पडद्यात डोकं घातलं. "अहो, चौतिसाचे तीन आणि चार वेगळे केलेत! एकेका वेटरचे दोन दोन वेटर!"

"पण बाहुल्यांना जमलं होतं की!"

"बाहुलीची कंबर एका आकड्यात मावते हो! माणसाची मावते का?"

जावई संगणकाकडे धावला. "मामा, पाच मिनिटांत दुरुस्त करतो!"

"करा. पण कापड जेमतेम उरलंय. ते आता तुमच्या यंत्राच्या तोंडी द्यायची हिंमत नाही."

एक सुस्कारा सोडून सासऱ्यांनी खुंटीवरची कात्री काढली. संध्याकाळपर्यंत ते कापत राहिले आणि जावई खाली मान घालून कापड धरून उभा! शेवटची पट्टी कापून झाल्यावर बोटं चोळत ते एवढंच म्हणाले, "प्रोग्राम चांगलाय हो तुमचा. गिऱ्हाईक तेवढं मोठं निघालं."

तर मंडळी, कधी नवी विजार चढवाल तेव्हा त्या सुजलेल्या बोटांची आठवण ठेवा. जावयाला विसरलात तरी चालेल. त्याची आठवण ठेवायला घरभर बाहुल्या आहेत, कमरेला पट्ट्या लावून!