दोन कुलुपांचा वाघोबा

माणसं मातीच्या वाटेवर चपला हातात घेतात आणि डांबरी रस्ता लागला की पायात घालतात. बुधाबाबाचं उलटं होतं. वाडीपासून काट्याकुट्यांतून तो चपला घालून यायचा आणि आमच्या खाणीचा डांबरी रस्ता लागला की त्या काढून काखेत मारायचा. मे महिन्यात त्या डांबरावर पापड भाजला असता! कारण विचारावं, तर दर वेळी नवं. मला म्हणाला, "नव्या हायेत, बाई, झिजतील." त्या 'नव्या' चपला मी चार वर्षं बघत होते. डंपरवाल्याला म्हणाला, "रस्ता काळा, चपला काळ्या. पडल्या तर घावनार न्हाईत."

मी खाणीच्या ऑफिसात हजेरी, पत्रं आणि किल्ल्या सांभाळत असे. तळवड्याहून निघोज्याकडे जाताना आमची खाण लागायची. पिंपरी-चिंचवडला तेव्हा कारखान्यामागून कारखाना उभा राहत होता, आणि त्यातल्या कितीतरींच्या पायाभरणीत आमची खडी गेली आहे. ऑफिसात बाई म्हणून मी एकटीच. त्यामुळे मला कोणी फार विचारत नसे आणि मीही कोणाला फार घाबरत नसे.

बुधाबाबा शेजारच्या ठाकरवाडीचा. खाणीच्या मधोमध एक टेकाड आहे. त्यावर उभ्या दगडात वाघ कोरलेला आहे, शेंदूर लावलेला. तो ठाकरांचा वाघोबा, आणि बुधाबाबा त्याचा राखणदार. हा माणूस कशालाही हात लावण्याआधी परवानगी मागायचा. खुर्चीवर बसण्याआधी तिच्या पाठीवर हात ठेवून पुटपुटायचा. चहाच्या कपालाही विचारायचा. दुसऱ्या कोणी धाडकन खुर्ची ओढली की लगेच, "इचारलं का?" माझा टाइपरायटर त्याला बघवत नसे. "येवढं बडवायच्या आधी इचारलं का त्याला, बाई?"

"विचारलं. तो म्हणाला, पत्र अर्जंट आहे."

"मंग बडवा."

खाण सुरू झाली तेव्हा कोणी कोणाला विचारलं नव्हतं. उतार फोडत फोडत सुरुंग टेकाडापाशी आले, तेव्हा सगळी वाडी बायकापोरांसह टेकाडावर जाऊन बसली. आठ दिवस काम बंद. आमचे जुने मालक व्यवहारी होते. त्यांनी करार केला आणि तो मी टाइप केला. टेकाडाला कुंपण, फाटकाला दोन कुलुपं. एक किल्ली कंपनीची, ती माझ्याकडे. दुसरी वाडीची, ती बुधाबाबाच्या करदोट्याला. कुंपणाजवळ सुरुंग लावायचा तर आधी दोघांनी मिळून बघून यायचं. मी सही करायची, त्याने अंगठा उठवायचा. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला खाण बंद, आणि वाघोबाला खिरीचा नैवेद्य. हा कागद आजही मला पाठ आहे. मी पुष्कळ कागद टाइप केले, पण पाठ ठेवावा असा हा एकच.

मग नवे मॅनेजरसाहेब आले. टेकाडाखाली उत्तम काळा दगड आहे हे त्यांनी महिन्याभरात हेरलं. माणूस दुष्ट नव्हता. आधी देव हलवायचा आणि मग टेकाड फोडायचं, असा त्यांचा बेत. त्यासाठी त्यांनी गेटजवळ छानसं देऊळ बांधलं. आत पांढऱ्या टाइल्स, दाराला जाळी, वर विजेचा दिवा. बुधाबाबाला बोलावलं. त्याने उंबऱ्याला विचारलं, आत गेला, चारी भिंती चाचपल्या आणि बाहेर आला.

"सायेब, वाघ कंदी खोलीत ऱ्हातो व्हय? त्याला आभाळ लागतं. आन जाळी कुनासाटी? त्यो पळंल म्हून?"

त्या देवळात पुढे वॉचमनची सायकल राहिली.

साहेब चिडले. मला बोलावून म्हणाले, "बाई, तुमची किल्ली द्या. दुसरं कुलूप तोडून टाकू."

"करारात दोघांची संमती लागते, साहेब. अंगठ्याशिवाय माझी किल्ली निघत नाही."

"तुम्हाला पगार कोण देतं?"

"कंपनी. म्हणून तर कंपनीच्या सहीचा कागद सांभाळते."

किल्ली मी पदराच्या टोकाला बांधली. गेली असती नोकरी तर गेली असती. टाइपिंग सगळीकडे लागतं. साहेबांनी थोडा विचार केला आणि बुधाबाबाला सांगितलं, "जा, विचार तुझ्या देवाला."

आम्ही दोघांनी दोन्ही कुलुपं काढली. तो सकाळी वाघोबासमोर बसला, तो दुपारची शिफ्ट सुरू होताना उठला. खाणीतले सगळे हातातलं काम टाकून बघत होते.

"न्हाई म्हनतोय," तो साहेबांना म्हणाला.

"दगड बोलला?"

"गप ऱ्हायला. व्हय म्हनायचं असतं तर बोलला असता की."

मागे कोणीतरी खो खो हसलं, मग सगळेच. शेवटी साहेबही. त्यांनी 'टेकाड वगळावे' असा शेरा मारून फाइल माझ्याकडे दिली. अंगठा उठवताना बुधाबाबाने शाईच्या डबीला विचारलं.

संध्याकाळी आम्ही एकाच रस्त्याने निघालो. चपला काखेत होत्याच. मी म्हणाले, "आज तरी खरं कारण सांगा, बाबा."

त्याने चपला या काखेतून त्या काखेत घेतल्या.

"माझी लेक सोनी मेली तवा तिच्या नावाचा दगड लावला हुता, त्या उतारावर. वाघोबाच्या पायथ्याला. पहिल्या सालीच सुरुंगात गेला. आमी बाजाराला गेल्तो, आलो तर उतारच न्हाई. कुनी इचारलंच न्हाई." त्याने हनुवटीने रस्ता दाखवला. "त्याची खडी ह्यात पडली. कंच्या तुकड्यात, ते ठावं न्हाई. म्हून समदाच रस्ता."

त्याची पायवाट फुटली तिथे त्याने चपला घातल्या आणि गेला. मी कडेकडेने बसथांब्यावर गेले.

दिवाळीनंतर तो रस्ता उखडून नवा करायचा ठरला. कंत्राटदाराला द्यायचं पत्र मीच टाइप केलं आणि खाली एक ओळ वाढवली: 'काम सुरू करण्यापूर्वी ठाकरवाडीच्या बुधाबाबांना विचारावे.' साहेबांनी ती दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि कारण न विचारता सही केली.