शेजारच्या फळीवरचा नेम

चार किलो चिरलेले कांदे.

कॉलरमधून पाठीवर घसरत जाणारं तापलेलं काडतूस.

दीड महिन्याची एक मुलगी, जिला मी अजून पाहिलेलंच नव्हतं.

माणसाएवढा उंच, पांढराशुभ्र सहाचा आकडा.

आता तुम्ही म्हणाल, यांचा एकमेकांशी संबंध काय? सांगतो!

मी नौदलात स्वयंपाकी. पण वर्षातून एकदा स्वयंपाक्यालाही रायफल चालवून दाखवावी लागते. यंदा जाहीर झालं, पहिला येईल त्याला आठवड्याची सुट्टी! मी लगेच बायकोला फोन लावला.

"सुट्टी खिशातच आहे असं समज! मुलीला सांग, बाबा येतोय!"

"अहो, तुम्हाला झाडूने पाल मारता येत नाही."

"पाल पळते गं! नेमाची फळी कुठे पळणार?"

सकाळचे कांदे उरकून मैदानावर गेलो. सगळे ओळीने पालथे पडलो. डावीकडे इंजिनवाला, उजवीकडे कारकून. माझी फळी पाच नंबरची.

"फायर!" गोळीबार शिकवणारे उस्ताद गरजले.

इंजिनवाल्याची पहिली गोळी सुटली आणि तिचं रिकामं काडतूस उडून थेट माझ्या कॉलरमध्ये! उकळतं तेल ओतावं तसं! रायफल ठेवून मी उठलो आणि शर्ट झटकत गरागरा फिरलो.

"ए झाऱ्या! आडवा हो!"

झालो आडवा. समोर दिसली त्या फळीवर सगळ्या गोळ्या सोडल्या. हात इतका स्थिर, की मलाच माझ्याबद्दल आदर वाटायला लागला!

मग सगळे फळ्या बघायला गेलो. इंजिनवाला, तीन भोकं. मी... एकही नाही! पाच नंबर घासलेल्या ताटासारखा लख्ख! आणि शेजारी, सहा नंबरवर, कारकुनाची सगळी भोकं मधोमध, एका वाटीत मावतील एवढ्या जागेत!

पोरांनी कारकुनाला खांद्यावर घेतलं.

"उस्ताद, ती भोकं माझी आहेत!" मी किंचाळलो.

"माझी फळी, माझी भोकं," कारकून वरूनच म्हणाला.

उस्तादांनी कारकुनाची रायफल तपासायला घेतली. सेफ्टीचा खटका लावलेलाच. मॅगझिन काढलं. गच्च भरलेलं!

पोरांनी कारकुनाला हळूच खाली ठेवलं.

"अरे, एकही गोळी सुटली नाही हे कळलं नाही तुला?"

"डोळे मिटले होते, उस्ताद. कानात कापूस. एवढ्या आवाजात वाटलं, माझ्याही सुटतायत."

"म्हणजे माझीच!" मी उड्या मारायला लागलो. "मी पहिला! निघालो घरी!"

"थांब," उस्ताद शांतपणे म्हणाले. त्यांचा आरडाओरडा परवडतो, हा आवाज नाही. "लढाईत शेजारचं आपलंच जहाज बुडवशील. दुसऱ्याच्या फळीवरची गोळी म्हणजे शून्य."

बाकीच्यांची एक-दोनच भोकं, त्यामुळे तीन भोकांच्या जोरावर इंजिनवाला पहिला आला! पिशवी भरायलाही गेला!

संध्याकाळी बायकोचा फोन.

"नेम लागला का हो?"

"सगळ्या गोळ्या मधोमध!"

"मग येताय ना? हिला नवं झबलं घालून ठेवते."

"अगं... फळी चुकली."

"एवढे मोठे आकडे असतात ना त्यांच्यावर?"

आदल्या दिवशी ते आकडे मीच रंगवले होते.