तुमिनीच्या पातेल्यातला पुरावा

पार्तोनो रिटायर झाला तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि बायकोने, म्हणजे तुमिनीने, तीन चड्ड्यांचं एक पॅकेट दिलं. बाजारात स्वस्तात मिळालं म्हणून. घड्याळ भिंतीवर लागलं. पॅकेट मात्र न उघडताच कपाटात गेलं, कारण पार्तोनोचं म्हणणं पडलं, "आधीच्या फाटू देत की." (बत्तीस वर्षं सरकारी फायली सांभाळलेला माणूस. जुनं काही टाकणं त्याला जमतच नसे.)

मग तो बायकोच्या खाणावळीत मदत करू लागला. मदत हा त्याचा शब्द. तुमिनीचा शब्द वेगळा होता, पण ती तो गिऱ्हाइकांसमोर वापरत नसे. खाणावळ म्हणजे घराचीच पुढची खोली, दोन बाकं, पापडांचा पत्र्याचा डबा आणि चुलीवर सोतोचं मोठं पातेलं. त्यांच्या क्लातेन गावात सोतो सकाळीच खायचा. हळदीचा पिवळा रस्सा, त्यात भात आणि कोंबडी, वरून लिंबू. तुमिनीच्या सोतोसाठी माणसं सहापासून बाकावर जागा धरून बसत. असं बावीस वर्षं चाललं होतं.

एवढी गर्दी म्हटल्यावर लोक बोलणारच. समोरच्या वार्सिनीबाईंची स्वतःची खाणावळ होती, पण नाश्ता त्या तुमिनीकडे करायच्या आणि खाता खाता म्हणायच्या, "एवढं खपतं म्हणजे काहीतरी करणी असणार बाई." कोणती करणी ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. घरच्या पुरुषाने आठवडाभर अंगात घातलेली चड्डी मांत्रिकाकडून मंतरून आणायची आणि रश्श्यात उकळायची. मग गिऱ्हाइकाला दुसरीकडे घास गोड लागत नाही म्हणे. बसस्टँडजवळच्या एका खाणावळीवर असा नुसता संशय आला होता. महिन्याभरात तिथे सायकलींचं दुकान झालं.

त्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरी लग्न होतं, आणि लग्नघरच्या स्वयंपाकाला गल्लीतल्या बायका गेल्याच पाहिजेत. सोतोचा रस्सा चढवून तुमिनी निघाली.

"फक्त जाळ सांभाळा आणि वाढा," ती म्हणाली. "डोकं चालवू नका."

"मी काय लहान आहे?"

"लहान असता तर बरं झालं असतं. कोणाकडे तरी ठेवून गेले असते."

अर्ध्या तासात रश्श्यातली मसाल्याची पिशवी उसवली. गवती चहाच्या काड्या, लिंबाची पानं, आल्याचे तुकडे सगळे मोकळे पोहू लागले. पार्तोनोने ते झाऱ्याने गोळा केले आणि डोकं चालवलं. पिशवीला कापड हवं. हात पुसायच्या फडक्याला मासळीचा वास. लुंगीचा रंग जाणार. आणि मग त्याला ते पॅकेट आठवलं.

पांढरं शुभ्र सुती कापड, अगदी कोरं. दोन भोकं दोऱ्याने आवळली की झाली पिशवी, आणि तोंडाला इलॅस्टिक आयतंच. हे वस्त्र ज्याने कोणी शोधून काढलं त्याने मूळ मसाल्याचाच विचार केला असणार, असं पार्तोनोला मनापासून वाटलं. (तरी त्याने ती उकळत्या पाण्यातून दोनदा काढली. अस्वच्छपणा त्याला खपत नसे.)

सातला बाकं भरली. वार्सिनीबाईंनी दुसरा वाडगा पुढे केला. पार्तोनोने डाव खोल घातला, काहीतरी जड लागलं, त्याला वाटलं कोंबडीची तंगडी, आणि त्याने मोठ्या मनाने ते त्यांच्या वाडग्यात वाढलं.

बाकांवरचे सगळे चमचे थांबले.

"पार्तोनो," वार्सिनीबाई शांतपणे म्हणाल्या, "हे काय आहे?"

"मसाला."

"मसाल्याला इलॅस्टिक असतं?"

गल्लीप्रमुख दार्योनो शेजारीच बसले होते. त्यांनी आपला वाडगा हळूच दूर सारला. "तरीच," ते म्हणाले. "डॉक्टरांनी बंद करायला सांगूनही माझे पाय इकडेच वळतात."

"अहो, कोरी आहे. आज सकाळीच पॅकेट फोडलंय."

"असं कोणीही म्हणेल," वार्सिनीबाई म्हणाल्या.

गर्दी दारापर्यंत आली, आणि लग्नघरी निरोप पोचला. तुमिनी नारळाने माखलेल्या हातांनी धावत आली. तिने वाडग्यात पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मटकन बाकावर बसली. बावीस वर्षं पहाटे उठून तिने ही चूल पेटवली होती. दोन मुलींची लग्नं याच पातेल्यातून झाली होती. आता इथेही सायकलीच लागणार, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरून आले. पार्तोनोला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खरोखर लाज वाटली.

"मी मदत करत होतो गं," तो पुटपुटला.

तुमिनी उठली. तिने ती पिशवी पिळली, दोरे सोडले, मसाला झटकला. इलॅस्टिकपाशी शिवलेली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. पुन्हा वाचली. मग तिने पदर नसल्याने बाहीलाच डोळे पुसले.

"अहो, इकडे या. सरळ उभे राहा."

ती चड्डी तिने त्याच्या पोटावर धरली. एका कुशीपासून निघालेलं कापड बेंबीपाशीच संपलं.

"बारा वर्षांच्या मुलाची आहे," तुमिनी म्हणाली. "स्वस्त मिळाली म्हणून घाईत घेतली, साइझ बघितलाच नाही. ही यांनी आठवडाभर घातली असं ज्याला म्हणायचंय, त्याने पुढे येऊन घालून दाखवावी यांना."

दार्योनोंनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. पार्तोनोला समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, एकदा मागूनही पाहिलं. "गुडघ्याच्या वर जायची नाही," त्यांनी निकाल दिला.

"पोट आत घेतलं असेल," वार्सिनीबाई म्हणाल्या.

पार्तोनोने प्रामाणिकपणे पोट आत घेतलं. कोणालाच काही फरक दिसला नाही. आधी दार्योनो हसले, मग दारातली गर्दी, आणि शेवटी वार्सिनीबाईसुद्धा. तुमिनीचा जीव भांड्यात पडला. (भांड्यात आधीच बरंच काही पडलेलं होतं, म्हणून तिने ते पातेलं गटारात ओतलं.)

दुसऱ्या दिवशी सहालाच बाकं भरली. पहिला वाडगा वार्सिनीबाईंनी घेतला.

ती चड्डी आता धुऊन पापडांच्या डब्यावर खिळ्याला टांगलेली असते. एखादं नवं गिऱ्हाईक ऐकीव गोष्टींमुळे वाडग्यात चमच्याने चाचपडू लागलं, की तुमिनी आधी डावाने चड्डीकडे खूण करते आणि मग म्हणते, "अहो, जरा आडवे वळा." पार्तोनो आडवा वळतो. गिऱ्हाईक सुटकेचा श्वास टाकतं आणि वर एक अंडंही मागतं.

आपल्यामुळेच खाणावळ वाचली, याचा पार्तोनोला आताशा अभिमान वाटतो. गेल्या महिन्यात मात्र डॉक्टरांनी त्याला दहा किलो वजन उतरवायला सांगितलं. घरी आल्यावर त्याने ताटातला भात कमी करायला घेतला, तर तुमिनीने त्याचा हात धरला आणि आणखी दोन डाव वाढले.

"गुमान खा," ती म्हणाली. "धंदा बुडवायचाय का माझा?"