झाडं मुळासकट विकण्याची युक्ती

कराच्या बाबतीत मला कोणी बनवू शकत नाही. हे मी बायकोला लग्नापासून सांगत आलोय, आणि दर वेळी ती भांडी जरा जास्तच जोरात घासते.

आमच्या घरामागे तीन जुनी झाडं होती. लाकूडवाला ती तोडून नेणार होता आणि बऱ्यापैकी पैसे देणार होता. बायकोची एकच अट होती, त्या पैशातून आधी स्वयंपाकघराचं छत. पाऊस आला की बिचारी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात उलथनं घेऊन उभी असते.

सगळं ठरलं आणि नेमका मेहुणा आला. तो करसल्लागार आहे. दुसऱ्याच्या आनंदात कर शोधणं हा त्याचा धंदा.

"भावोजी, झाडं कशी तोडणार?"

"करवतीनं."

"तसं नाही हो. खुंट ठेवणार की मुळं काढणार? खुंट राहिला तर परत फुटतो, परत लाकूड देतो. म्हणजे आलेला पैसा सरळ उत्पन्न, त्यावर कर. मुळासकट काढलं तर झाडच संपलं, मालमत्ताच विकल्यासारखं. मग हिशेब वेगळा, आणि तुमच्या फायद्याचा."

झालं! मी लाकूडवाल्याला म्हटलं, मुळंही काढा.

"साहेब, मी लाकूड नेतो. मुळं काय उशाशी घेऊन झोपू?"

तो खोडं कापून, पैसे देऊन गेला. मग खोदाईचं मशीन मीच बोलावलं, माझ्या खर्चानं. कर वाचवायचा म्हणजे हात सैल सोडावा लागतो.

"अहो, तिसरं झाड स्वयंपाकघराला चिकटून आहे," बायको म्हणाली.

"मुळं खाली जातात, आडवी जात नाहीत." हे ज्ञान मला कुठून मिळालं ते आजतागायत आठवलेलं नाही.

दोन खुंट सुरेख निघाले. मी बायकोला मुद्दाम बाहेर बोलावून दाखवले. तिसऱ्याला साखळी बांधली, मशीननं हिसका दिला. खुंट ढिम्म.

"साहेब, भिंत हलतेय," मशीनवाला म्हणाला.

"भिंतीचं मी बघतो, तुम्ही ओढा!"

त्यानं ओढलं. खुंट जागचा हलला नाही. स्वयंपाकघराची भिंत मात्र आली, आणि मागोमाग छत. धुरळा बसल्यावर मधोमध आमची शेगडी उघड्यावर उभी दिसली. वर डाळ शिजत होती.

"अजून ओढू?" मशीनवाल्यानं विचारलं. बायकोनं पुढे होऊन डाळीवर झाकण ठेवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

झाडांचे सगळे पैसे मशीनवाल्यात, ढिगारा उचलण्यात आणि खुंट आत घेऊन बांधलेल्या नव्या भिंतीत गेले. छतापर्यंत पोचलेच नाहीत.

दोनेक महिन्यांनी मेहुणा कराचे कागद करायला आला. शेगडीवर चहा उकळत होता, वर निळंभोर आकाश.

"तिन्ही मुळासकट ना?"

मी चहा गाळायला घेतला. बायकोनं नुसतं बोट दाखवलं. शेगडीशेजारी खुंटाला हिरवीगार पालवी फुटली होती आणि तिच्यावर हातपुसणं वाळत होतं.

मेहुण्यानं चष्मा पुसला. "दोन झाडं ठीक आहेत, भावोजी. हे मात्र उत्पन्नात धरावं लागेल."

"धर बाबा," बायको म्हणाली, "पण तोडू नका. वाढलं की शेगडीवर सावली तरी येईल."

सावलीवर कर बसतो का, ते मेहुणा बघून सांगणार आहे.