थेरगावच्या चिनी पात्याचा फैसला

श्री मोरया समर्थ. शके १८७७, मन्मथनाम संवत्सरी, आश्विन शुद्ध पंचमीस, राजमान्य राजश्री सोपानराव थेरगावकर, पिंपरीच्या नव्या कारखान्यातील दिवसपाळीचे शिलेदार, यांजवर बाका प्रसंग गुदरला, तो जाहला तैसा लिहिला आहे.

आजे दत्तोबा पलटणीसंगे चीन मुलुखी गेले आणि तेथून एक रुंद पाते घेऊन आले, ऐसी घरची ख्याती. आणि दसऱ्याच्या मिरवणुकीत तेंच पाते अग्रभागी चाले. त्यावर अक्षरे होती, ती कोणास उमगत ना. मग भाऊबंद नानासाहेब भर चावडीत बोलिले की, हा बाजारचा कडबा तोडायचा कोयता, तुमचे आजे खडकीपल्याड गेले न्हाईत! सोपानराव बहुत दिलगीर जाहले, दोन दिवस भाकर गोड लागेना. अखेर कबुलायत जाहली की, अक्षरे चिनी निघाल्यास पात्याचा अग्रभागीचा मान कायम, नपेक्षां तो नानासाहेबांच्या तलवारीस जावा.

सोपानरावांचे कुटुंब गोजाबाईसाहेब यांनी चुलीपुढून फर्मान सोडिले, "नुसतं बसून काय हुतंय? पुण्याच्या लष्कर भागात चिनी दातवाला हाय, त्याला इचारा!"

मग एकाच सायकलीवर कूच जाहले. सोपानराव हाकणार, नानासाहेब साक्षीदार म्हणोन पाठीमागे स्वार, आणि पाते घोंगडीत लपेटोन दांडीस बांधिले. दापोडीच्या पुलावर चेन पडली, तेव्हां उभयतां वैरी काळ्या तेलात माखोन एकदिल जाहले आणि पूल सर केला.

दवाखान्यात पाते उघडे पडतांच खुर्चीवरील रोगी पसार जाहला आणि लिऊ डॉक्टर कपाटाआड दडले. सोपानरावांनी हात जोडोन अर्ज गुदरिला. डॉक्टरांनी भिंग लाविले, आणि खदखदां हसोन म्हणाले, "ये तलवार नहीं, भाई. लिखा है, वांग का रसोईघर. बतख काटने के बाद धोकर रखना."

सोपानरावांच्या पायांखालील जमीन सरकली. आजे आचारी! नानासाहेब हसतां हसतां रिकाम्या खुर्चीत कोसळले, तोंड उघडे, आंत किडकी दाढ; ती डॉक्टरांनी पाहिली आणि सवयीने चिमट्यात धरिली.

"पर लिवलंय कशात?" सोपानरावांनी पुसिले.

"चीनी में."

"मग झालं की!"

नानासाहेबांस हरकत घेणे होते, परंतु तोंडात कापूस होता.

घरी सोपानराव चाचरत वर्तमान सांगते जाहले. गोजाबाई बोलिल्या, "पलटणीला जेवू घालणारा बी शिपाईच की वो!" तेणेकरून राव ऐसे खुशाल जाहले की उभ्यानेच चार भाकरी फस्त केल्या.

विजयादशमीस वांगच्या मुदपाकाचे पाते कुंकू लेवोन अग्रभागी निघाले. पाठीमागे सुजल्या गालाचे नानासाहेब स्वखुशीने चालिले, आणि सर्वांआधी सोने त्यांनीच सोपानरावांस दिधले. मान कायम जाहला. थेरगावची फत्ते जाहली, हे गावदफ्तरी दाखल असे.