सगळं गुंडोच्या नावावर

"या पाडव्याला मी पुण्यात असणार. लिहून ठेव," राजसनं फोनवर ठणकावून सांगितलं.

संपदानं लिहून ठेवलं नाही, पण बाल्कनीसाठी दुसरी खुर्ची मात्र आणली. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि संसार अजून फोनवरच चालला होता. ती पुण्यात बँकेत, हा बंगळुरूला मारतहळ्ळीच्या एका खोलीत. "खुर्चीवरचं प्लॅस्टिक मी काढणार नाही," ती म्हणाली. "ते तू येऊन काढायचं." त्या एका वाक्यावर राजस आठवडाभर जगला.

आशेला कारणही होतं. व्हाइटफील्डमधली त्याची कंपनी शाळांच्या बसगाड्यांचं सॉफ्टवेअर करायची, आणि तिची पुण्यात शाखा निघणार होती. पाडव्याआधी ज्याचं काम सगळ्यांत जास्त भरेल तो तिकडचा प्रमुख, असं रघुपती सरांनी जाहीर केलं होतं. रघुपती सर म्हणजे साहेब. त्यांचा माणसांवर विश्वास नव्हता, नोंदीवर होता. ही नोंद गिट नावाचं सॉफ्टवेअर ठेवायचं. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, हे सगळं त्यात राहतं.

आता गंमत अशी, की राजसनं गिट कधी वापरलंच नव्हतं. आधीच्या छोट्या कंपनीत तो 'फायनल', 'खरं फायनल' आणि 'आता हात लावू नका' अशा नावांच्या फायली मेलनं पाठवत आला होता. हे चारचौघांत कबूल कोण करणार? त्यानं हळूच शेजारच्या टेबलावरच्या गुंडोला गाठलं. गुंडो मराठीच, पण घराणं कैक पिढ्या बंगळुरूतलं.

"स्वल्प काम आहे की," गुंडो म्हणाला. "मशीनवरची ती आज्ञा टाकायची काळी खिडकी उघड. मी पाठवतो त्या ओळी एकेक टाक. जशाच्या तशा. एक टिंब इकडंतिकडं करू नको बघ."

राजसनं जशाच्या तशा टाकल्या. त्यात एक ओळ गिटला आपलं नाव सांगायची होती आणि एक ईमेल सांगायची. गुंडोनं ओळी स्वतःच्या मशीनवरून उचलल्या होत्या, त्यामुळे तिथं गुंडोचंच नाव होतं. राजसनं टिंबासकट तेही उतरवलं. काळी खिडकी हूं की चूं करेना. काही चुकलं असतं तर बोलली असती, असं समजून गडी खूश झाला.

मग त्यानं काम असं उपसलं की विचारू नका. शनिवार नाही, रविवार नाही. थांबे, फेऱ्या, ड्रायव्हरांच्या सुट्ट्या, सगळं लिहून काढलं. प्रत्येक नोंदीपुढं गुंडोचं नाव दिसायचं. राजसला वाटायचं, तपासणाऱ्याचं असेल. त्याला डोळ्यांपुढं फक्त ती खुर्ची दिसत होती.

पाडव्याला पंधरवडा असताना रघुपती सरांनी केक मागवला आणि नाव जाहीर केलं. "पुण्याला गुंडो."

टाळीसाठी उचललेले राजसचे हात तसेच राहिले. गुंडो तर पांढराफटक पडला.

"आमची माणसं पुण्याकडनं इकडं आली ती साडेतीनशे वर्षांमागं," तो राजसला कोपऱ्यात ओढून म्हणाला. "तेव्हापास्नं एक जण परत गेला नाही. मीच का रे पहिला? आणि मी एवढं काम केलं तरी कधी?"

तेव्हा कुठं दोघांनी राजसच्या मशीनवर काळी खिडकी उघडून गिटला मालकाचं नाव विचारलं. उत्तर आलं, गुंडो.

"अरे, नावसुद्धा माझंच टाकलंस?"

"तूच म्हणालास, जशाच्या तशा."

दोघं साहेबांकडे धावले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तोंडी नको. नोंदीत दाखवा."

"सरी, बरं, नोंदीत दाखवू," गुंडो म्हणाला. जुन्या नोंदींतलं नावही बदलता येतं, हे त्याला माहीत होतं. जिथं जिथं गुंडो, तिथं तिथं राजस, अशी लांबलचक आज्ञा त्यानं घाईघाईनं लिहिली. मशीन बराच वेळ घरघरत राहिलं.

"एवढा वेळ का लागतोय?" राजसनं विचारलं.

"तू काम फार केलंस की," गुंडो कौतुकानं म्हणाला, आणि बदललेली सगळी नोंद कंपनीच्या नोंदीवर चढवून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना बोलावलं. त्यांचे डोळे भरून आले होते. कंपनी निघाल्यापासून गुंडोनं खरोखर केलेलं कामही आता राजसच्या नावावर होतं, राजस कॉलेजात होता त्या वर्षांचंसुद्धा. साहेब नावं बघायचे, तारखा बघत नसत.

"अशा माणसाला मी बंगळुरूबाहेर सोडीन?" त्यांनी राजसच्या पाठीवर हात ठेवला. मग गुंडोकडे वळले. "आणि तुझ्या नावावर तर एक ओळ नाही. तू पुण्याला जा. नवी शाखा आहे, जरा शीक."

जुनी नोंद गुंडोच्या मशीनवर शाबूत होती, नाही असं नाही. पण जुनी परत आणली तर गुंडो हुशार म्हणून पुण्याला, आणि नवी ठेवली तर गुंडो बिनकामाचा म्हणून पुण्याला. गुंडोनं काळी खिडकी बंद केली. राजसनं संपदाला फोन करून सगळं सांगितलं. पाडव्याला गुंडोला घरी बोलव, तिथं त्याचं कोणी नाही, असंही सांगितलं. त्याला तिची इतकी आठवण येत होती, की तिनं फोन ठेवल्यावरही त्यानं तो कानाला लावूनच धरला.

पाडव्याला गुंडोच्या आईनं राजसला जेवायला बोलावलं आणि मुलाच्या जागेवर बसवून पुरणपोळी आग्रहानं वाढली. तेवढ्यात संपदानं पाठवलेला फोटो आला. तिच्या बाल्कनीत, नव्या खुर्चीवर, परक्या गावात एकटा पडलेला गुंडो कॉफीचा कप धरून अवघडून बसला होता.

खाली संपदानं लिहिलं होतं, "बिचारे घसरतायत सारखे. पण प्लॅस्टिक मी काढू दिलं नाही."