नाईक लालासाहेबांचं काळीज

लालासाहेबाचं काळीज रोज पहाटे पळत सुटायचं. माणूस अंथरुणात आडवा, डोळे अजून पुरते उघडलेले नाहीत, आणि छातीत मात्र मळणी सुरू! उठून बसावं तर घशाला कोरड, कपाळाला घाम. तांब्याभर पाणी प्यायलं, गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर थाप मारली, की हळूहळू सगळं जागेवर यायचं. मग दिवसभर गडी मोट हाकायचा, उसाला पाणी पाजायचा, काही म्हणता काही होत नसे. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

लढाई संपून तो इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी परतला, त्याला अजून फार दिवस झाले नव्हते. इटलीच्या डोंगरात गोळ्या चुकवून, दंडावर नाईकाची फीत लावून आला. गावानं हलगी लावून त्याला वेशीपासून मिरवत आणलं. आता अशा माणसानं कुणाला सांगायचं, की बाबांनो, मला झोपेतून उठायचं भ्या वाटतं? छे! लालानं मूग गिळून गप्प राहायचं ठरवलं.

पण एका सकाळी न्याहारीला बसल्यावर त्याची आई बनुबाई एकाएकी म्हणाली, “लाला, तुझं काळीज लय धडधडतंय रं.”

लालाचा घास हातातच राहिला. “तुला कुनी सांगितलं?”

“आईला सांगाया लागतंय व्हय?”

चुलीपुढं बसलेल्या राहीबाईनं, म्हणजे लालाच्या बायकोनं, पदर पुढं ओढला आणि भाकरी उलटली. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा पलटणीत गेला होता. आत्ता कुठं तो घरी दिसायला लागला होता, तर हे आणखी नवीन.

बनुबाईनं त्याच दिवशी धन्यकुमार वैद्यांना बोलावणं धाडलं. वैद्य मोठे भारदस्त गृहस्थ. त्यांनी लालाची नाडी धरली, डोळे मिटले, मान डोलावली.

“नाडी तर झकास हाय.”

“आवं, आत्ता न्हाई. उठताना बिघडती,” बनुबाई म्हणाली.

“मग उठतानाच धराय पायजे. पाय भुईला लागला, की नाडी खोटं बोलाया लागती.”

झालं! वैद्य लालाच्या घरच्या पुढच्या सोप्यात त्याच्याशेजारी झोपायला आले. ते जैन असल्यामुळं दिवस मावळायच्या आत दूध पिऊन मोकळे व्हायचे, आणि पेशंटलाही तेच पथ्य. अंधार पडल्यावर जेवण नाही. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही, आणि मटणाचं तर नाव काढायचं नाही. गावात दिवे लागायच्या आत ह्या घरातली भांडी घासून पालथी पडू लागली. इटलीत डबाबंद बिस्किटं खाताना ज्या तांबड्या रश्श्याच्या आठवणीनं लालाच्या तोंडाला पाणी सुटायचं, तो रस्सा घरी येऊनही लांबच राहिला.

पहिल्याच पहाटे वैद्य लवकर उठले, लालाचं मनगट धरून मांडी घालून बसले. लालानं डोळे उघडले. बाहेर चिमण्या, आत वैद्य. छातीत मात्र एकदम शांत.

“बघा!” वैद्य म्हणाले. “पथ्याचा गुण!”

बनुबाईनं त्यांच्यापुढं गुळाची ढेप आणून ठेवली आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. वैद्य ढेप घेऊन घरी गेले. दुसऱ्या पहाटे लालाचं काळीज पुन्हा उधळलं. वैद्यांना पुन्हा आणलं, काळीज पुन्हा ताळ्यावर. वैद्य गेले, पुन्हा मळणी. असं चाललं. लालाच्या मनात भलतंच यायला लागलं. आता जन्मभर ह्या माणसाचा हात धरून झोपायचं की काय?

शेवटी वैद्यांनीच निकाल लावला. “मी असलो की ह्यो बरा, मी गेलो की बिघडतो. म्हंजे माझ्यामागं घरात पथ्य मोडतंय.”

सगळ्यांच्या नजरा चुलीकडं वळल्या. राहीबाईचा चेहरा उतरला. खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं.

“रानात भाकरी नेताना कांदा फोडून दिला,” ती पुटपुटली. “आन् लसनाची चटनी.”

“म्या मागितली!” लाला उसळून म्हणाला. “माझ्या हातानं कांदा फोडला म्या!”

पण त्याचं कोण ऐकतो? वैद्य म्हणाले, “बेंदराच्या सणापर्यंत सुनंला म्हायेरी धाडा. पोराला निवांत पडू द्या.” बनुबाईनं पदरानं डोळे टिपले. सून तिला जिवापाड आवडत होती, पण मुलाच्या जिवापुढं दुसरं काय चालणार? सकाळी न्याहारी झाली की गाडी जुंपायची आणि राहीला कवठे महांकाळला पोचवायचं ठरलं. वैद्यही जबाबदारी संपली म्हणून संध्याकाळी आपल्या घरी गेले.

लाला गोठ्यात आला, तर राही म्हशीची धार काढत होती. चरवीत दूध कमी आणि डोळ्यांत पाणी जास्त.

“तू न्हाई जायचीस,” लाला म्हणाला. “इतकी वर्सं लांब काढली, आता घरात बसून बी लांबच ऱ्हायाचं?”

“माझ्यामुळं तुमास्नी कायतरी झालं म्हंजे?”

“कांद्यानं कुनाचं काळीज पळतं व्हय?”

राहीनं चरवी बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, “येक सांगू? पर माझ्या तोंडनं निघालं असं म्हनू नगा. उद्या पहाटं जागं ऱ्हावा. डोळं मात्र मिटून.”

“का गं?”

“जात्यावर आमी दोघी बसतो. आत्याबाई माझ्या आदी उठत्यात, आन् जात्यावर माझ्या मागनं येत्यात. मधी कुटं जात्यात, त्ये सुनंनं कसं सांगायचं?”

पहाटे लाला डोळे मिटून पडून राहिला. अनवाणी पावलांची चाहूल आली. कुणीतरी वाकलं. छातीवर काहीतरी गार, खरखरीत टेकलं आणि लालाचं काळीज जे सुटलं ते सुटलंच. त्यानं झडप घालून ते मनगट पकडलं आणि पलटणीतल्या आवाजात गरजला, “थम! कौन आता है?”

“आगं आई गं!”

राही चिमणी घेऊन धावत आली. उजेडात पाहिलं, तर नाईक लालासाहेबांनी बनुबाईला कैद केलं होतं!

“आई? रोज तूच?”

बनुबाई मटकन खाली बसली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“तू लढाईला गेल्यापास्नं रोज उठली, की तुझ्या अंथरुनावरल्या ह्या वाकळंवर हात फिरवायची मी. गार लागायची. आता तू आलास, पर हाताला खरं वाटंना. म्हनून बघायची, हाईस न्हवं. वैद्य शेजारी असलं, की तेवढं यायची न्हाई. तर हात ठिवला की तुझं काळीज पळाया लागायचं. मग मला लय भ्या वाटायचं, म्हनून आनि दाबून बघायची.”

“आगं, तिकडं झोपंत अंगाला हात लागला, की गडी मेलाच म्हनायचा!” लाला म्हणाला. त्यानं आईचा तो खरखरीत हात धरून पुन्हा आपल्या छातीवर ठेवला. “हाय बघ. हितंच हाय मी.”

मायलेकरं रडली, राही दाराआड रडली, आणि मग तिघंही हसत सुटली. त्या दिवशी गाडी कुठंच गेली नाही. बनुबाईनं स्वतः मटण आणवलं, स्वतः कांदा चिरला. वैद्यांना निरोप गेला, की पथ्यानं गुण आला. बिचाऱ्यांनी इतकं जागरण केलं, त्यांचं मन कशाला मोडायचं? आणि आता पोराला हात लावणार नाही, असं बनुबाईनं चुलीची शप्पथ घेऊन सांगितलं.

दुसऱ्या पहाटे लालाला आपोआप जाग आली. काळीज शांत. म्हैस रवंथ करत होती. माजघरातून जात्याची घरघर येत होती, पण आवाज एकटीच्या हातचा होता. लाला उठला. माजघरात डोकावला, तर राही एकटीच दळत होती आणि बनुबाई अजून झोपलेलीच! लाला लहान होता तेव्हापासून त्यानं आईला ह्या वेळी कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. हालचाल नाही की काही नाही.

तो पावलांचा आवाज न करता जवळ गेला, वाकला आणि हळूच तिच्या नाकाशी हात धरला.

“आगं बया बया! कोन हाय रं?” बनुबाई ताडकन उठून बसली. समोर मुलगा पाहिला, तसा तिनं छातीवर हात दाबला. “मुडद्या, जीव घेतोस काय माझा? बघ, काळीज कसं उडतंय!”

“न्हाई, म्हंजे... मी आपलं बघत हुतो. हाईस न्हवं.”

जात्याची घरघर थांबली. राहीबाईनं पदर तोंडाला लावून विचारलं, “आत्याबाई, वैद्यास्नी बलवू व्हय?”